खालच्या कप्प्यातल्या रेकॉर्डी

धारवाडच्या सप्तापुरातल्या आमच्या घरात रेकॉर्डी आणि कॅसेटी दोन पिढ्यांपासून जमत आल्या आहेत. त्यातल्या गाजलेल्या हाताशी असतात. बाकीच्या खालच्या कप्प्यात राहून जातात. गेली काही वर्षं मी मुद्दाम खालच्या कप्प्यातल्या ऐकतो आहे. धारवाडात गाण्यावर लिहायचं म्हणजे जाणकारांच्या गावात तोंड उघडणं. तरी ऐकता ऐकता जे उमगलं, ते सांगावंसं वाटतं.

१. गाजलेला आवाज हा त्या माणसाचा एकुलता आवाज नसतो. गंगूबाई हनगल म्हटलं की तो भरदार, खर्जात घट्ट रोवून उभा राहणारा स्वर आठवतो. पण १९३०च्या दशकात एचएमव्हीने काढलेल्या त्यांच्या रेकॉर्डींवर नाव आहे गांधारी हनगल. ही गांधारी उंच पट्टीत गाते, बारीक आणि चपळ गळ्याने. जी. एन. जोशींबरोबर तिने मराठी भावगीतंही गायली आहेत. शेजारच्या काकूंना मी नाव न सांगता एक बाजू ऐकवली. "कोण रे ही पोर? किती निर्मळ गाते," म्हणाल्या. नाव सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत. बोटाने नुसती खूण केली, परत लाव म्हणून. पुढे घशाचं दुखणं आणि शस्त्रक्रिया, यांतून तो गळा जाड झाला. त्या आवाजातच गंगूबाईंनी नवं घर बांधलं. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांची तालीम घेणाऱ्या या बाईंची जिद्द आपण भाषणांतून ऐकतो. गांधारीची एक रेकॉर्ड आणि त्यांची उतारवयातली एखादी एलपी पाठोपाठ लावली, की ती जिद्द कानांनी ऐकू येते.

२. नाव मोठं झालं म्हणजे आवाज पोचला असं होत नाही. सवाई गंधर्व हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. पुण्यात १९५३ पासून त्यांच्या नावाचा उत्सव चालतो. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. या उत्सवांना वर्षानुवर्षं जाणाऱ्या किती जणांनी त्यांना स्वतःला ऐकलं आहे? कुंदगोळचे हे रामभाऊ, कानडी मुलखातले, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नावारूपाला आले. गुरू अब्दुल करीम खाँ, शिष्य गंगूबाई आणि भीमसेन. अशा दोन पिढ्यांच्या मध्ये त्यांचं स्वतःचं गाणं झाकलं गेलं. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पक्षाघाताने त्यांचं गाणं थांबलं आणि १९५२ मध्ये ते गेले. एलपी आणि टेप आपल्याकडे घरोघर यायच्या आतच सगळं संपलं होतं. म्हणून उरल्या त्या फक्त लाखेच्या रेकॉर्डी, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यांतल्या ज्या मिळतील त्या ऐकाव्यात. भीमसेनांच्या गाण्यातली कितीतरी वळणं कुठून आली, ते तिथे सापडतं.

३. तीन मिनिटांत राग मावत नाही, ही तक्रार ऐकणाऱ्याची असते. गाणाऱ्यांनी ती कधी मनावर घेतलेली दिसत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात रेकॉर्डवर वाजत होती, ती ऐकून लहानगा भीमसेन गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, असं सांगतात. रेकॉर्डच्या एका बाजूने एवढं केलं. या रेकॉर्डी काहीतरी काम करता करता ऐकू नयेत. समोर बसावं, एकच बाजू ऐकावी आणि थांबावं. आलापाला जागा नसल्यामुळे पहिल्याच स्वराला सगळा राग उभा करावा लागतो, आणि तो पहिला स्वर निसटला तर पुढचं हाती लागत नाही.

४. सर्वांत जास्त मला शिकवलं ते मागे बसून गाणाऱ्यांनी. कृष्णा हनगल या गंगूबाईंच्या कन्या. आयुष्यभर आईच्या मागे बसून गायल्या आणि २००४ मध्ये, आईच्या आधी पाच वर्षं गेल्या. गंगूबाईंच्या उतारवयातल्या कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज आहे, पण त्यासाठी वेगळा कान द्यावा लागतो. गंगूबाई खालच्या स्वरावर ठाम उभ्या असतात. तिथून वरच्या सप्तकात जायची वेळ आली की कृष्णाबाई तो धागा उचलतात, वर नेतात, आणि आईचा श्वास भरून झाला की अलगद तिच्या हाती परत देतात. हे देणं-घेणं इतकं बिनबोभाट की पुष्कळांना तो एकच आवाज वाटतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या मागे राजशेखर मन्सूर असत. कर्नाटक विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा हा प्राध्यापक जयपूर घराण्याचे अनवट राग स्वतंत्रपणे मांडायचा, तरी लोकांच्या लेखी तो मल्लिकार्जुनांचा मुलगाच राहिला. २०२२ मध्ये तेही गेले. एखादी एलपी एकदा फक्त या मागच्या आवाजासाठी ऐकून पाहा. त्यानंतर ती पूर्वीसारखी ऐकू येणार नाही.

५. भाषेची भिंत गाण्यात नसते, ऐकणाऱ्याच्या कपाटात असते. मल्लिकार्जुन मन्सूरांचा सावनी किंवा बहादुरी तोडी मराठी रसिक डोक्यावर घेतात, आणि त्यांनीच गायलेली अक्कमहादेवी-बसवण्णांची वचनं मात्र कानडी म्हणून बाजूला ठेवतात. भीमसेनांचे अभंग महाराष्ट्रात घरोघर. त्यांच्या कानडी दासरपदांचं तसं नाही. उलट बाजूनेही तेच होतं, गांधारीची मराठी भावगीतं इथल्या कानडी मित्रांना ठाऊक नसतात. आमच्या गावात हा भेद फारसा नव्हता. बेंद्र्यांच्या घराण्याची भाषा मराठी आणि कविता कानडी, जी. ए. कुलकर्णी इथेच राहून मराठी कथा लिहीत होते. शब्द कळले नाहीत तरी वचन ऐकावं. मन्सूरांनी ज्या संयमाने तिथे तान आवरली आहे, तो ख्यालात क्वचित दिसतो.

६. बसवराज राजगुरू. यांच्याबद्दल मी थोडक्यात लिहू शकत नाही आणि जास्त लिहायला जागा नाही. लहानपणी वामनराव मास्तरांच्या नाटक कंपनीत, मग पंचाक्षरी गवयांची तालीम, पुढे किराणा घराण्याच्या उस्तादांकडे. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, वचन, सगळं त्याच तयारीने. बाजारात त्यांच्या रेकॉर्डी फार नाहीत. १९५० मध्ये सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीने इथल्या घरांना त्यांचं गाणं पोचवलं, आणि ज्यांनी रेडिओवरून टेप करून ठेवलं, त्यांच्याकडे खरा ठेवा आहे. बाळे खाँ यांच्या सतारीचंही तसंच: रहिमत खाँपासून चालत आलेली धारवाडची सतार गायकांच्या गर्दीत मागे राहिली.

७. जुनी रेकॉर्ड हाताळणं ही ऐकण्याचीच पहिली पायरी आहे. ७८च्या रेकॉर्डीला एलपीची सुई लावू नये; ७८ची खाच रुंद असते, बारीक सुई तळाशी घासत फक्त खरखर उचलते. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. आमच्याकडचा पावसाळा कॅसेटींचा शत्रू आहे. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालू नका, आधी साफ करून घ्या.

८. सप्तापुरातली कौलारू घरं एकामागून एक पडताहेत. त्या जागी स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि मुलांची वसतिगृहं उभी राहताहेत. मुलांना जागा हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण घर रिकामं करताना माळ्यावरची रेकॉर्डींची पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर जाते, ते मात्र बघवत नाही. लेबलवर ओळखीचं नाव नसेल तर ती रेकॉर्ड आणखीच जपायला हवी. ओळखीच्या नावाची दुसरी प्रत कुठेतरी असते, अनोळखी नावाची कदाचित हीच शेवटची असेल. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर देण्याआधी एकदा लेबलं वाचा, जे वाजतं ते संगणकावर उतरवून घ्या, आणि ज्याला ऐकायचं आहे अशा एखाद्याला बोलवा.