लॅपटॉपवरून सर्व्हरवर

सावंतवाडी

चि. बाबू यास,


गंजिफाची वेबसाइट छान जमली आहे. ती सर्व्हरवर चढवायची तुला घाई झाली आहे हे दिसतं, पण चतुर्थीच्या तोंडावर हे काम काढू नकोस. आणि 'माझ्याकडे तर चालतंय' हे मनातून काढून टाक. तुझा विंडोज लॅपटॉप पुष्कळ चुका पोटात घालतो, लिनक्स सर्व्हर घालत नाही.

दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०, म्हणजे फोटोही १२०. कॅमेऱ्याने फायलीच्या नावात शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये घातलंय, कोडमध्ये तू ते स्मॉलमध्ये लिहिलंस. विंडोजला दोन्ही सारखंच. लिनक्स म्हणेल अशी फाईलच नाही. मत्स्य असो की कूर्म, सगळीकडे रिकामी चौकट. सगळी नावं आजच स्मॉलमध्ये कर.

डेटाबेसमधला लोकलहोस्टचा पत्ता नोटपॅडमध्ये उघडून बदलू नकोस. वर्डप्रेस काही सेटिंग्ज मजकुराच्या बाइट-संख्येसकट साठवतं. पत्त्याची लांबी बदलली की त्या वाचता येत नाहीत. डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस कमांड ही संख्याही दुरुस्त करते. आधी ड्राय-रन करून पाहा.

मला खरी काळजी मराठी मजकुराची आहे. एक्स्पोर्ट आणि इम्पोर्ट, दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ आहे ना, हे स्वतः तपास. नाहीतर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि एकदा तशी साठवली गेली की त्यातून मूळ मजकूर परत मिळत नाही. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी १९७०च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली. ती आजवर टिकवणाऱ्या चिताऱ्यांची नावं तू पहिल्यांदा एका जागी आणली आहेस. त्यातलं एकही बिघडता कामा नये. मूळ डेटाबेसची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेव.

पावसात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून सगळं एका झिपमध्ये चढव आणि दोन्हीकडचे चेकसम जुळव. परवानगीची अडचण आली तर ७७७ देऊन मोकळा होऊ नकोस. फोल्डरला ७५५, फायलींना ६४४ पुरे.

डोमेनचा टीटीएल आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आण. होस्ट्स फाईलमध्ये नवा आयपी घालून साइट आधी आपण दोघं पाहू, प्रत्येक पत्ता उघडून. मगच डीएनएस बदल. त्या रात्री मला फोन कर, मी जागा असेन.

तुझा,
मामा