लुस्त्र नगराची बोली आणि आमच्या शाळेंतील इंग्रजी

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १४:८-१८; २१:३७ ते २२:२.

जून महिन्यांत शाळा उघडल्या म्हणजे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देणाऱ्या पाळकास एकच प्रश्न जागोजागीं ऐकूं येतो : पाळकसाहेब, आमच्या पोरास इंग्रजी केव्हां येईल? बाप शेतमजूर असो कीं शाळेचा शिपाई असो, त्याची आशा ती एकच. ही आशा खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. इंग्रजीवांचून पुढील शिक्षणाच्या पुष्कळ वाटा बंद राहतात, आणि महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवूं लागले तें कांहीं उगीच नव्हे. परंतु ख्रिस्ती माध्यमिक शाळेनें परकी भाषा कशासाठीं शिकवावी, हा प्रश्न एवढ्यानें सुटत नाहीं. त्यासाठीं वरील दोन उतारे आपण सावकाश वाचूं.

लुस्त्र येथें पौलानें जन्मापासून पांगळ्या असलेल्या एका मनुष्यास उभें केलें. पौल तेथें हेल्लेणी, म्हणजे ग्रीक भाषेंत बोलत असावा. ती त्या काळीं बाजाराची, कचेरीची व शिकलेल्या लोकांची भाषा होती. लोकांस ती समजत होती. पण आश्चर्यानें अंतःकरण भरून आलें तेव्हां त्यांच्या तोंडून निघाली ती लुकवनी, घरची भाषा. आकाशांतील देव माणसांच्या रूपानें उतरले आहेत, असें लोक तिच्यांत ओरडत होते, आणि प्रेषितांस त्याचा उमज पडला नाहीं. याजकानें बैल व माळा वेशीपाशीं आणल्या तेव्हां कोठें तें त्यांच्या कानांवर आलें, आणि वस्त्रें फाडून ते गर्दींत धांवत गेले. बंधुजनहो, उपदेश चांगला झाला होता. तरी ऐकणाऱ्यांच्या मनांत काय चाललें आहे हें उपदेशकांस बैल येईपर्यंत कळलें नाहीं! सेमिनरींत आम्ही हा अध्याय शिकलों तेव्हां माझें लक्ष त्या पांगळ्या मनुष्याकडे होतें. आतां तो वाचतांना मला आपला खानदेश आठवतो.

सरकारनें १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. त्यांसच पुढें जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निघाला. पण बोली असल्या सीमा मानीत नाहींत. तापीच्या व पांझरेच्या कांठीं अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, नवापुराकडे मावची, सातपुड्याच्या डोंगरांत पावरी, शिवाय भिली, कोंकणी आणि गुजराती. ग्रिअरसनसाहेबांनीं हिंदुस्थानच्या भाषांची जी मोठी पाहणी केली, तिच्या १९०७ च्या खंडांत खानदेशी ही मराठीबरोबर नव्हे तर भिली भाषांबरोबर घातली आहे. तें वर्गीकरण कोणास मान्य असो वा नसो. शिक्षकानें त्यांतून एवढें घ्यावें कीं नवापुराकडील मावची मुलाची इंग्रजी ही दुसरी भाषा नव्हे, तिसरी आहे, कित्येकदां चौथी. मराठी हीच त्याची पहिली परकी भाषा. पुण्याच्या मुलास जें करावें लागत नाहीं तें या मुलानें सहाव्या वर्षीं केलेलें असतें.

त्याबद्दल त्यास शाबासकी कोण देतो? उलट सर्व वर्ग हंसतो. अहिराणी बोलणारें मूल शाळेस ‘शाया’ म्हणतें, केळ्यास ‘केय’ म्हणतें. शास्ते १२ व्या अध्यायांत एका अक्षराच्या उच्चारावरून यार्देनेच्या उतारापाशीं माणसें पारखलीं गेलीं, आणि त्या वेळीं ४२,००० एफ्राइमी पडले. आमच्या वर्गांत कोणी मरत नाहीं; मूल फक्त बोलेनासें होतें. आणि गंमत ही कीं ज्या ‘ळ’साठीं त्यास हंसतात तो इंग्रजींत मुळींच नाहीं!

मी स्वतः असाच एक मुलगा होतों. बोर्डिंगांत असतां ‘शाया’ म्हटल्याबद्दल एका शिक्षकांनीं मला बांकावर उभें केलें. पुढें मीं मराठी सुधारली, इंग्रजीचीं वाक्यें पाठ केलीं, बक्षीसहि मिळविलें. एके बाजारच्या दिवशीं आई भाकरी बांधून फाटकाशीं आली आणि आपल्या बोलींत म्हणाली, ‘काय करी राहिना रे?’ जवळ चार मुलगे उभे होते. मीं तिला मराठींत उत्तर दिलें, अगदीं शुद्ध, पुस्तकी. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तलाठ्याशीं बोलावें तशी अडखळत, शब्द शोधीत, मराठींत बोलूं लागली. घरचें वर्तमान तिनें थोडक्यांत आटोपलें. त्या दिवशीं मला तीन भाषा येत होत्या.

आतां दुसरा उतारा पाहा. यरुशलेमांत पौल सरदाराशीं हेल्लेणी भाषेंत बोलला, तेव्हां सरदार चकित झाला. लगेच पायऱ्यांवर उभा राहून तो जमावाशीं इब्री भाषेंत बोलला, आणि जमाव अधिक शांत झाला. एक भाषा आली म्हणून त्यानें दुसरी टाकली नाहीं. आमच्याच देशांत पंडिता रमाबाईंनीं उतारवयांत हेल्लेणी व इब्री या भाषांचा अभ्यास केला, तो खेड्यांतील बायांस सोप्या मराठींत पवित्र शास्त्र वाचतां यावें म्हणून. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या आणि तें भाषांतर १९२४ सालीं छापून निघालें. फादर स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले. १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. पश्चिम खानदेशांत स्वीडनहून जे मिशनरी आले त्यांची घरची भाषा स्वीडिश होती, इंग्रजी नव्हे. ही गोष्ट आमच्या मुलांस सांगावी. पुष्कळांस सगळे गोरे लोक जन्मतःच इंग्रजी बोलतात असें वाटतें.

मग वर्गांत काय करावें? शिक्षकानें घरच्या बोलीस दाराबाहेर ठेवूं नये, तिला कामास लावावें. अहिराणींत ‘तो जास’ आणि ‘तो जाई राहिना’ असा भेद आहे; तोच इंग्रजींत ‘ही गोज’ आणि ‘ही इज गोइंग’ असा आहे. मुलास तो नियम फळ्यावरून शिकण्यापूर्वींच ठाऊक असतो. दुसरें असें कीं, आमचे पहिले इंग्रजी पाठ बहुतेक स्वतःविषयींच असतात : माझें नांव अमुक, मला अमुक आवडतें. लेवीय १९:३४ मध्यें परक्यावर प्रीति करण्याची जी आज्ञा आहे ती मानणाऱ्या शाळेनें त्याबरोबरच परक्यास विचारण्याचीं वाक्यें शिकवावीं : आपण कोठून आलां, बसा, पाणी घ्याल काय, कोठें दुखतें? आणि उत्तर येईपर्यंत थांबावयास शिकवावें. हें व्याकरणाहून कठीण आहे. परका मनुष्य शोधावयास विलायतेस जावें लागत नाहीं. भुसावळ जंक्शनवर साऱ्या देशाच्या गाड्या थांबतात. नवापूर स्टेशन तर अर्धें महाराष्ट्रांत व अर्धें गुजराथेंत आहे. तेथें गोंधळून उभ्या असलेल्या म्हातारीस बहुधा हिंदी किंवा गुजराथीच लागेल, इंग्रजी नव्हे. पण ज्यास इंग्रजीच्या तासाला थांबून ऐकण्याची संवय लागली तो मुलगा तिच्यापाशींहि थांबेल.

उपदेशक बंधूंस व शिक्षकांस एक सुचवितों. आठवड्यांतून एक तास मुलांनीं शिक्षकास शिकवावें : मावची, पावरी, जी ज्याच्या घरची असेल ती, दहा-दहा शब्द. शक्य असेल तेव्हां एखाद्या मुलाच्या आईस त्या तासाला बोलावून खुर्चीवर बसवावें. शिक्षकाचे उच्चार चुकतील आणि मुलें हंसतील. हंसूं द्यावें.