न बोललेले शब्द

सोलापूर किंवा मुंबईहून नोकरीनिमित्त बेंगळुरूस आलेल्या मराठी मनुष्याची पहिली गफलत पुष्कळदा कन्नड न समजल्यामुळे होत नाही, मान न समजल्यामुळे होते. तो दुकानदारास काही विचारतो, आणि दुकानदार एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे मान हलकेच डोलवितो. नवख्यास तो नकार वाटतो व तो पायऱ्या उतरू लागतो. वास्तविक दक्षिणेत अशा डोलण्याचा अर्थ बहुधा 'बरे', 'समजले' किंवा नुसते 'ऐकतो आहे, पुढे बोला' एवढाच असतो. बल्गेरियात तर होकारासाठी मान आडवी हलविण्याची जुनी रीत आहे.

देहबोली सर्वत्र सारखीच असते काय? मुद्रांविषयी चार्ल्स डार्विनने १८७२ साली ग्रंथ लिहिला. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांस छायाचित्रे दाखविली, तेव्हा बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या त्या लोकांनीही आनंद, राग यांसारख्या भावना बऱ्याच अंशी ओळखल्या. या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले. तो वाद अजून मिटलेला नाही. मानेच्या व हातांच्या खुणा मात्र मनुष्य आपापल्या समाजात शिकतो. वडीलधाऱ्यांसमोर खाली गेलेली नजर आपल्याकडे आदर समजली जाते. मुलाखत घेणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यास तीच लपवाछपवी वाटू शकते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून एक आकडा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो, की संभाषणात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाज व चेहऱ्याची छायाचित्रे यांवरून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखावयाची होती. सर्व संभाषणास तो लागू नाही, हे स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. (तसे असते तर कन्नड शिकण्याचा खटाटोप कोणी कशाला केला असता!)

पवित्र शास्त्रात या विषयाची दोन उदाहरणे आहेत व ती शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. शिलो येथे हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाने तिच्या तोंडाकडे लक्षपूर्वक पाहिले, आणि ती मद्य प्यालेली आहे असे ठरवून तिला दटावले (१ शमुवेल १). त्याचे निरीक्षण अचूक होते, अर्थ साफ चुकला. उलट अर्तहशश्त राजाने आपल्या प्यालेबरदाराचा, नहेम्याचा, चेहरा उतरलेला पाहिला; हा आजारी नाही हेही जाणले, आणि कारण विचारले (नहेम्या २). नहेम्या घाबरला, पण बोलला. राजा त्यास रोज पाहत होता, म्हणून त्यास बदल दिसला. एलीच्या बोलण्यावरून तरी हन्नाची रीत त्यास ठाऊक होती असे वाटत नाही.

चेहऱ्यावरून खोटेपणा ओळखता येतो, हा समज तर फारच धोक्याचा. २००६ साली बाँड व डीपॉलो यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणे उडविले तरी ५० टक्के हाती येतात! श्वास, रक्तदाब व त्वचेचा घाम मोजणाऱ्या यंत्रावरही न्यायालयाने आंधळा विश्वास ठेवला नाही. 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी अथवा नार्को चाचणी घेता येणार नाही.

मग घरी, कचेरीत काय करावे? ज्याच्याविषयी मत बनवावयाचे त्याची नेहमीची ढब आधी पाहावी. हाताची घडी घालून बसलेला सहकारी रुष्ट असेल, किंवा वातानुकूलित खोलीत त्यास थंडीही वाजत असेल. आणि बेंगळुरूच्या दुकानात मान डोललीच, तर पायरी उतरण्यापूर्वी क्षणभर थांबून 'हौदु' ऐकू येते की 'इल्ला', तेवढे ऐकावे.