मच, मेनी आणि आपला ‘च’



कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस जवळ आले की होस्टेलमध्ये इंग्रजीची भीती साथीसारखी पसरते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठी माध्यमातल्या मैत्रिणी रूमवर येऊन विचारतात, “इथे मच येणार की मेनी? आणि का?” मच-मेनी मला कानाच्या सवयीने येतं. पण ‘का’चं उत्तर शोधायला बसले, तेव्हा ते मराठीतच सापडलं. तेच इथे मांडते.

आधी मूळ नियम. काही गोष्टी आपण मोजतो, काही मापतो. मेसमध्ये पोळ्या मोजून घेतो, आमटी मात्र वाटीने किंवा पळीने. मोजायच्या गोष्टींना मेनी, फ्यू, फ्युअर. मापायच्या गोष्टींना मच, लिटल, लेस. म्हणून ‘हाऊ मेनी चपातीज’, पण ‘हाऊ मच राइस’.

हा भेद आपल्याला नवा नाही. “खूप वेळ वाट पाहिली” आणि “खूप वेळा सांगितलं” यात आपण कधी गोंधळतो का? पहिल्यात माप आहे, दुसऱ्यात आकडा. इंग्रजीतही नेमकं हेच आहे. किती वेळ म्हणजे ‘हाऊ मच टाइम’, किती वेळा म्हणजे ‘हाऊ मेनी टाइम्स’.

आता बायोडेटात नेहमी दिसणारे शब्द बघू : इक्विपमेंट्स, सॉफ्टवेअर्स, इन्फर्मेशन्स. या तिन्हींना शेवटी ‘एस’ लागत नाही. लक्षात कसं ठेवायचं? ‘सामान’ शब्द आठवा. चार बॅगा असल्या तरी आपण ‘चार सामानं’ म्हणत नाही. इक्विपमेंट, फर्निचर, लगेज, मशिनरी ही सगळी ‘सामाना’ची भावंडं. तसंच ‘दोन माहित्या’ असंही कुणी म्हणत नाही, मग ‘टू इन्फर्मेशन्स’ कशाला? मोजायचंच असेल तर ‘टू पीसेस ऑफ इक्विपमेंट’ किंवा सरळ ‘टू इन्स्ट्रुमेंट्स’ लिहावं. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ‘सॉफ्टवेअर टूल्स’.

मात्र काही ठिकाणी मराठी आणि इंग्रजीचं पटत नाही. ते शब्द पाठच करावे लागतात. आपण पैसे, केस, सल्ले, बातम्या, पुरावे अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत मनी, हेअर, ॲडव्हाइस, न्यूज, एव्हिडन्स हे सगळे मापायच्या खात्यात जातात. (डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर’, आमटीत एक सापडला तर मात्र ‘अ हेअर’!) न्यूजच्या शेवटी ‘एस’ दिसतो, पण तो फसवा आहे. ‘न्यूज इज’ असंच म्हणायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यात एका ‘अ’ने अर्थ फिरतो. महिनाअखेरीला “थोडे पैसे उरलेत” म्हणणारा वडापाव खाऊ घालतो. “थोडेच पैसे उरलेत” म्हणणारा आपल्याकडेच बघतो! पहिला ‘अ लिटल मनी’, दुसरा नुसता ‘लिटल मनी’. म्हणजे इंग्रजीत ‘अ’ गाळला की मराठीतला ‘च’ लागतो.

आता समजा इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, “जावा येतं का?” तुम्हाला म्हणायचंय, थोडंफार येतं. त्यासाठी ‘आय हॅव अ लिटल नॉलेज ऑफ जावा’ हवं. घाईत ‘अ’ राहिला, तर समोरच्याला ऐकू येतं, “मला फारसं काही येत नाही.” वर्षभर केलेला अभ्यास आपणच एका अक्षरात नाकारला की!

आणखी दोन गोष्टी. ‘लेस’ मापाला आणि ‘फ्युअर’ संख्येला हे खरं, पण अंतर, पैसे, वेळ आकड्यांत सांगितले तरी ते मापच राहतं. म्हणून ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ बरोबर आहे. आणि ऐनवेळी काहीच सुचलं नाही, तर ‘अ लॉट ऑफ’ वापरा. आपल्या ‘खूप’सारखं ते दोन्हीकडे चालतं. साध्या होकारार्थी वाक्यात ‘आय हॅव मच मनी’पेक्षा ‘आय हॅव अ लॉट ऑफ मनी’ कानालाही बरं वाटतं.

आता स्वतः करून बघा. मच की मेनी?
१) होमवर्क २) असाइनमेंट्स ३) ट्रॅफिक ४) एरर्स

उत्तरं : मच, मेनी, मच, मेनी.

चारही बरोबर आली ना? मग मराठी माध्यमातून आलो म्हणून ग्रुप डिस्कशनमध्ये मागे बसू नका. मोजणं आणि मापणं तुम्ही घरूनच शिकून आला आहात. आता फक्त तो ‘अ’ तेवढा सांभाळा. ऑल द बेस्ट!