पाठ : माशाच्या पिल्लाची वाढ आणि थायरॉईड



मागच्या बैठकीत मत्स्यपालनाचा विषय निघाला, तेव्हा एका ताईंनी भीतभीतच विचारलं, "मला थायरॉईडची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, त्याने वाढ आणि पचन सुधारतं. मग आमच्या तळ्यातली पिल्लं वाढत नाहीत, त्यांच्या पाण्यात ती गोळी टाकली तर?" काही जणी हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माशाच्या अंगातही थायरॉईडचा रस असतो आणि तो आपल्या रसासारखाच असतो, अगदी तोच पदार्थ. म्हणून आजचा पाठ यावरच.

माशाचा थायरॉईड कुठे असतो?

आपल्या गळ्यात ही ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची, एकत्र असते. बहुतेक माशांत ती एका जागी नसते. कल्ल्यांच्या खाली, घशाच्या भागात तिचे बारीक बारीक दाणे विखुरलेले असतात. मासा साफ करताना ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. हा रस तयार व्हायला आयोडीन लागतं. आपण ते मिठातून घेतो, मासा पाण्यातून कल्ल्यांवाटे आणि खाद्यातून घेतो.

आईची शिदोरी

अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू स्वतः हा रस लगेच पुरेसा करू शकत नाही. मादी अंड्यातल्या बलकातच त्याची शिदोरी बांधून देते. बाईच्या पोटातलं बाळसुद्धा पहिले तीन महिने आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं. म्हणून गरोदरपणात थायरॉईड तपासायला सांगतात. मादी मासा अशक्त असेल तर बीजही अशक्त निघतं. स्वस्त मिळतं म्हणून कुठलंही बीज उचलू नका, ते यासाठी.

पोट नंतर येतं

आपल्या रायगडचा मानाचा मासा म्हणजे जिताडा. पनवेल, उरण, पेण, अलिबागच्या खाजणांत आणि घरामागच्या तळ्यांत तो पूर्वीपासून पाळतात. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरून आणायची ही जुनी रीत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याचं प्रजनन बंदिस्त जागेत करून दाखवलं, तेव्हापासून त्याचं बीज हॅचरीतही तयार होऊ लागलं.

या जिताड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं. तोंड उघडलेलं नसतं आणि खरं पोटही नसतं, एक सरळ नळी असते. आंबट जठररस करणारं पोट तयार व्हायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. तोवर त्याला डोळ्यांना न दिसणारे जिवंत जीवच लागतात. कोरडं खाद्य टाकलं तर ते पिल्लाला पचत नाही. खाली बसून सडतं आणि पाणी खराब करतं.

नळीचं पोट कधी करायचं, कल्ले, पर आणि खवले कधी पुरे करायचे, हा निरोप शरीरात थायरॉईडचा रस पोचवतो. जपानमध्ये हे लेपीसारख्या एका चपट्या माशावर तपासलं गेलं. त्याच्या पिल्लांचा थायरॉईड औषधाने रोखला, तर ती आकाराने वाढत राहिली, पण पिल्लूच राहिली. डोळा एका बाजूला सरकला नाही, ती तळाला बसली नाहीत. रस दिल्यावर पोटातल्या पाचक ग्रंथी लवकर तयार झाल्या. म्हणजे वाढ म्हणजे नुसतं वजन नव्हे. अंग वेळेवर तयार होणं हीही वाढच.

रोहूला पोटच नाही

आपल्यापैकी बहुतेक गट रोहू, कटला, मृगळ पाळतात. या माशांना मोठेपणीही जठर नसतं! सगळं पचन आतड्यात होतं. पिल्लाचं आतडं आखूड असतं, अंग वाढेल तसं ते लांब होतं. म्हणून एकदम ढीगभर खाद्य टाकून उपयोग नाही. बारीक करून, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यावं.

मग गोळी टाकायची का?

नाही. हिशेब बघा. एक गुंठ्याचं, एक मीटर खोल तळं म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. त्यात एक गोळी म्हणजे समुद्रात हिंगाचा खडा. आणि टबात किंवा घमेल्यात टाकली तर माप हातात राहत नाही. रस जास्त झाला की पिल्लाचा कणा वाकतो, पर वेडेवाकडे येतात, अंगातली ताकद जळून जाते आणि पिल्लं मरतात. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हे करतात ते मोजून, ठरलेल्या वेळेपुरतं. आणि ताई, तुमची गोळी तळ्यात गेली तर तुमचा डोस चुकला, त्याचं काय? कुणी "वाढीचं औषध" म्हणून बाटली विकायला आला, तरी आत काय आहे ते लेबलवर नसेल तर घेऊ नका.

आपल्या हातात काय आहे?

१. बीज सोडण्याआधी पाण्यात जिवंत खाद्य तयार करा. संगोपन तळ्यासाठी गुंठ्याला साडेसात किलो शेंगदाणा पेंड, दोन किलो शेण आणि अर्धा किलो सुपर फॉस्फेट. यातलं निम्मं पाण्यात कालवून बीज सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी पसरा, उरलेलं नंतर दोन-तीन हप्त्यांत.

२. नंतर शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समसमान, चाळून, पीठ करून द्या.

३. मोहरीची पेंड जास्त वापरू नका. तिच्यातले काही घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात. कच्चं सोयाबीनही पचनाला अडवतं, ते शिजवून किंवा भाजूनच द्या.

४. जिताडा असेल तर दर काही दिवसांनी मोठी-लहान पिल्लं वेगळी करा. नाहीतर मोठं पिल्लू लहानाला गिळतं, आणि आपण म्हणतो बीज खराब होतं.

५. आठवड्याला दहा पिल्लं काढून लांबी मोजा, वहीत लिहा. रोहूचं मत्स्यजिरं १५ ते २० दिवसांत २० ते २५ मिलिमीटर झालं पाहिजे. झालं नाही तर आधी पाणी आणि खाद्य तपासा.

प्रशिक्षण हवं असेल तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्याला फार लांब नाही. १९६१ पासून ती हेच शिकवते. गटाच्या ठरावासोबत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातही चौकशी करा.

गटात चर्चेसाठी

- आपल्या तळ्यात बीज सोडलं त्या दिवशी पाण्याचा रंग कसा होता? हिरवट की नितळ?
- पहिल्या आठवड्यात खाद्य दिवसातून किती वेळा दिलं?
- गटातल्या किती जणींनी स्वतःचा थायरॉईड तपासला आहे? घरात मीठ आयोडीनयुक्त आहे ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तळ्याच्या हिशेबाइतकंच काळजीने लिहा. पिल्लांची शिदोरी आई बांधते, तशी घराची आपण बांधतो. आपली तब्येत ठीक असेल, तरच पुढचं सगळं.