सदैव जोडलेला संगणक : सुरक्षेचे अर्थशास्त्र

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या ‘सदैव चालू’ जोडणीस ब्रॉडबँड मानले. २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिट झाली. अशा जोडणीवरील असुरक्षित घरगुती संगणक मालकाच्या नकळत इतरांवरील हल्ल्याचे साधन बनू शकतो. रायपूरच्या बूढापारातील एका घराच्या निष्काळजीपणाची किंमत पुण्यातील बँकग्राहकास मोजावी लागू शकते. अर्थशास्त्रात यास ‘नकारात्मक बाह्यता’ म्हणतात. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात वापरलेल्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेले असंख्य संगणक बाधित झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘सर्ट-इन’ने सायबर स्वच्छता केंद्र सुरू करून मोफत साधने पुरवली. म्हणूनच फायरवॉल, नियमित अद्ययावतीकरण, राउटरचा मूळ पासवर्ड बदलणे व माहितीची स्वतंत्र प्रत ठेवणे ही नागरी कर्तव्येही ठरतात.