लाजू नका, ओढू नका, वेळेवर दाखवा
(पुरुषांच्या पुढच्या कातडीची निगा आणि उपचार)



बाळंतपण, पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणे, यांबद्दल आता घरात थोडेफार बोलणे होते. पण पुरुषाच्या लिंगाच्या टोकावरील कातडीला काही झाले, तर तो कोणाला सांगत नाही. बायकोलाही नाही. म्हणून हा पाठ नवरा-बायको दोघांनी मिळून वाचावा.

एका घरातली गोष्ट

एका शेतकरी जोडप्याने दोन मुलांवर थांबायचे ठरवले. भाऊ उपकेंद्रातून नियमित निरोध नेत असत. काही महिन्यांनी त्यांनी नेणे बंद केले. संबंध आला की ते चिडायचे. वहिनींना वाटले, यांचे मन उडाले. मध्येच एकदा निरोधाशिवाय संबंध आला आणि वहिनींना नको असताना दिवस गेले.

मग खरी गोष्ट बाहेर आली. भाऊंच्या कातडीला चिरा पडून ती घट्ट झाली होती. निरोध चढवताना आग व्हायची. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर साखर वाढलेली. मलम, गोळ्या आणि पथ्य यांनी काही आठवड्यांत आराम पडला. वहिनी एवढेच म्हणाल्या, "अहो, एवढंच होतं तर मला आधी का नाही सांगितलं?"

लहान मुलाची कातडी मागे ओढू नका

जन्मतः मुलाची कातडी लिंगाच्या टोकाला चिकटलेलीच असते. हा आजार नव्हे. मूल वाढते तशी ती आपोआप सुटत जाते. कोणाची तीन-चार वर्षांत सुटते, कोणाची वयात येईपर्यंत थोडी चिकटलेली राहते. आंघोळ घालताना आजी किंवा आई "मोकळी करायची" म्हणून जोराने ओढते. त्याने आत जखम होते, वण धरतो आणि कातडी कायमची घट्ट होऊ शकते.

बाळाची जागा फक्त बाहेरून पाण्याने धुवा. शू करताना कातडी क्षणभर फुग्यासारखी फुगली, पण धार मोकळी असली आणि मूल रडत नसेल, तर घाबरू नका. आतून पांढरे दाणे निघाले तर तो पू नव्हे, साचलेला मळ असतो. मात्र थेंब थेंब लघवी, लघवीच्या वेळी रडणे, ताप, लाली किंवा पू असेल तर डॉक्टरांना दाखवा. कातडी सुटू लागली की मुलाला स्वतःच्या हाताने धुवायला शिकवा.

मोठ्या पुरुषाने रोज काय करावे?

१. आंघोळीच्या वेळी कातडी हलक्या हाताने, जाईल तेवढीच मागे घ्यावी.
२. साध्या पाण्याने मळ धुवावा. कपड्याचा साबण किंवा जंतुनाशक औषध लावू नये.
३. जागा कोरडी करून कातडी पुन्हा पुढे आणावी. हे विसरू नये.

कोणते त्रास होतात?

सूज व खाज : टोक लाल होते, खाज सुटते, वास येतो, बारीक चिरा पडतात. अस्वच्छता, साबणाची आग किंवा बुरशी ही कारणे असतात. असे वरचेवर होत असेल तर रक्तातील साखर जरूर तपासा. मधुमेहात बुरशी लवकर वाढते. पत्नीलाही खाज असेल किंवा दह्याच्या फुटींसारखे पांढरे जात असेल, तर दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. दुकानातून कोणतेही खाजेचे मलम आणू नका, राख-चुना लावू नका. फोड, व्रण किंवा पू असल्यास तो गुप्तरोग असू शकतो. बरे होईपर्यंत संबंध टाळा.

घट्ट कातडी : पूर्वी मागे जाणारी कातडी जाईनाशी झाली किंवा पांढरट, कडक झाली तर दाखवा. पुष्कळदा डॉक्टरांनी दिलेले मलम काही आठवडे लावून ती सैल होते. नाही झाली तर कातडी काढण्याची किंवा मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात.

मागे अडकलेली कातडी : ही तातडीची बाब आहे. मागे गेलेली कातडी पुढे येत नाही, टोक सुजते, दुखते. ओले गार फडके ठेवा. मग टोक मुठीत धरून काही मिनिटे एकसारखे दाबा, म्हणजे सूज उतरते. नंतर कातडी पुढे सरकवा. जमले नाही तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

न भरणारी जखम किंवा गाठ : कातडीखाली गाठ, रक्त किंवा दुर्गंधी असल्यास कर्करोगाची तपासणी हवी. घट्ट कातडी आणि तंबाखू या दोन्हींनी हा धोका वाढतो.

कुटुंबनियोजनाशी संबंध काय?

निरोध चढवण्यापूर्वी कातडी हलकेच मागे घ्यावी. खोबरेल किंवा दुसरे तेल लावू नये. तेलाने रबर कमकुवत होऊन निरोध फाटतो. कातडी दुखत असेल तर "आज राहू दे" म्हणून निरोध सोडू नका. उपचार होईपर्यंत संबंध थांबवा आणि पाळणा लांबवण्याचे दुसरे साधन नर्सबाईंना विचारा.

पुरुष नसबंदीचा या कातडीशी काहीही संबंध नाही. ती अंडकोशाच्या पिशवीतील नळ्यांवर होते. तसेच कातडी काढल्याने मूल होणे थांबत नाही.

काही समजुती

"कातडी काढली की पुरुषत्व जाते" : खोटे. जखम भरल्यावर संबंध पूर्ववत येतो.
"हे तर धर्माचे काम" : मुसलमान व बेने इस्राएल समाजात सुंतेची रीत आहे. आजारासाठी केलेली शस्त्रक्रिया मात्र उपचार आहे, कोणत्याही धर्माच्या माणसासाठी.
"प्रत्येकाची काढलीच पाहिजे" : हेही खरे नाही. त्रास नसेल तर निगा पुरे.

कोठे जावे?

प्रथम उपकेंद्रातील आरोग्य सेवकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगा. गरज पडल्यास ते ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतील. बोलायला संकोच वाटत असेल तर फक्त म्हणा, "डॉक्टर, खालच्या जागेचा त्रास आहे." पुढचे ते विचारतील. तुमची गोष्ट गावात जाणार नाही.

भाऊ, आज रात्री हा कागद वहिनींना वाचून दाखवा.

मुलाची कातडी ओढू नका, स्वतःचे दुखणे लपवू नका!